वरचं गेट: एचएओ१ प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४

प्रकल्पासाठी माझ्याकडे पाच विद्यार्थी आले होते, दोघं उरले. बाकी तिघांना हाताने काहीतरी करायचं होतं, ते बुरशीच्या प्रकल्पाकडे वळले. त्यांचं चूक नाही. आमच्याकडे पेशी वाढवायची सोय नाही, उणे ऐंशीचा फ्रीज नाही. चालू स्थितीतले तीन कॉम्प्युटर, एक थकलेला इन्व्हर्टर आणि माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट एवढं भांडवल. उरलेल्यांपैकी एक नेरची, एक घाटंजीचा. वहीत नावं घालत नाही. नेरवाली आणि घाटंजीवाला एवढं पुरे.

काम असं: रोगाशी संबंध असलेल्या एखाद्या एन्झाइमचा जनुक अँटिसेन्सने गप्प करायचा. अँटिसेन्स म्हणजे जनुकाच्या निरोपाला, एमआरएनएला, अक्षराला अक्षर जुळवून चिकटणारा आणि तो निरोप वाया घालवणारा छोटा रेणू. त्या रेणूची अक्षरं ठरवायची. सगळं कॉम्प्युटरवर.

१० जुलै

घाटंजीवाल्याला सिकलसेलच हवा. साहजिक आहे. त्याच्या गावाला लागून पोड (आदिवासी वस्ती) आहे, सिकलसेलची पिवळी-लाल कार्डं त्याने लहानपणापासून पाहिलीत. तासभर वाद झाला. मी फळ्यावर मुद्दे मांडले: सिकलसेलमध्ये बिघडतं ते हिमोग्लोबिन, आणि ते एन्झाइम नाही. त्यातली बिघडलेली बीटा साखळी गप्प केली तर तिच्या जागी चांगली येत नाही, उलट थॅलेसेमियासारखा तुटवडा पडेल. शिवाय ती तयार होते अस्थिमज्जेत, आणि तिथवर अँटिसेन्स पोहोचवणं अजून अवघड. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्परचा (जनुकात काटछाट करण्याच्या तंत्राचा) उपचार वेगळ्या वाटेने जातो. मज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढायच्या, बीसीएल११ए नावाचा दाबणारा जनुक रक्तपेशींत ढिला करायचा आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचं.

तो गप्प बसला, पण पटलं म्हणून नाही. "म्हणजे आपल्याकडचा रोग सोडून दुसऱ्याचाच घ्यायचा, मॅडम?" ह्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

१२ जुलै

उत्तर सुचलं, पण रोगाचं नाही, यकृताचं. आज अँटिसेन्सला सगळ्यात सोपा पत्ता यकृताचा आहे. रेणूला गॅलनॅक नावाच्या साखरेचे तीन तुकडे जोडले की यकृतपेशीवरचा ग्राहक त्याला ओळखून आत ओढून घेतो. मज्जा, मेंदू, स्नायू इथे एवढी सोपी चिठ्ठी नाही. मेंदूसाठी सरळ पाठीच्या कण्यातून सुई. तेव्हा आधी यकृतातलं एन्झाइम बघू.

१६ जुलै

ठरलं: प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया, प्रकार १. दुर्मीळ आनुवंशिक रोग, एजीएक्सटी नावाचा जनुक बिघडल्याने होणारा. यकृत गरजेपेक्षा फार जास्त ऑक्झलेट बनवतं, ते मूत्रपिंडात कॅल्शियमला धरून खडे होतं, लहानपणापासून. पुढे मूत्रपिंड बसतं.

नेरवाली लगेच म्हणाली, "एजीएक्सटी बिघडलाय ना, मग एजीएक्सटी गप्प करू." नऊ वर्षं शिकवतेय, दर वर्षी कोणीतरी हे म्हणतंच. जो बिघडला त्याला गप्प करा. हा विचार कधी बरोबर असतो, कधी उलटा. एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा रोग) झालेल्या काही रुग्णांत एसओडी१ हे एन्झाइम बिघडून विषारी होतं, नुसतं निकामी होत नाही. तिथे त्याच जनुकाला गप्प करणं योग्य, आणि तसं औषध, टोफरसेन, एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एजीएक्सटीचं एन्झाइम मात्र विषारी झालेलं नाही, कामावर येतच नाही. न येणाऱ्याला घरी बसवून काय मिळणार?

मग कोणाला गप्प करायचं ते साखळीत एक पायरी वर बघून ठरवायचं. यकृतात ग्लायकोलेटपासून ग्लायऑक्झिलेट होतं, हे काम एचएओ१ जनुकाच्या एन्झाइमचं. पुढे ग्लायऑक्झिलेटला एजीएक्सटीवालं एन्झाइम ग्लायसिनकडे वळवतं. ते नसलं की ग्लायऑक्झिलेट तुंबतं आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज त्याचं ऑक्झलेट करून टाकतं. म्हणून एचएओ१ ला आवरायचं. तोच आमचा जनुक.

१८ जुलै

घाटंजीवाल्याची शंका: ह्यावर औषध आहेच की. आहे. लुमासिरान, नोव्हेंबर २०२० पासून, ह्याच जनुकावर. पण ते एसआयआरएनए आहे, दोन धाग्यांचं, दुसऱ्या यंत्रणेने काम करणारं. आम्ही एका धाग्याचा अँटिसेन्स रेणू, गॅपमर, बनवणार. आणि मुद्दाम उत्तर माहीत असलेलाच जनुक घेतलाय. ज्या गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलंय ते आधी सोडवावं, मग बिनउत्तराचं. दुसरं कारण: त्या औषधाचा वर्षाचा खर्च कोटींच्या घरात जातो. ती अक्षरं कशी ठरतात हे आपल्या पोरांना कळू तरी द्या.

२५ जुलै

पाऊस लागलाय. विभागामागच्या नालीकाठी धोपा, म्हणजे अळू, माजलाय. देठाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सुयांच्या जुड्या, अगदी आगपेटीतल्या काड्यांसारख्या एका पेशीत रचून ठेवलेल्या. हेच कॅल्शियम ऑक्झलेट. वड्या करताना चिंच घातली नाही तर घसा खाजतो तो ह्यांच्यामुळे. नेरवाली बराच वेळ डोळा लावून होती. "हे किडनीत म्हणजे..." एवढंच म्हणाली. पंधरा व्याख्यानांचं काम त्या एका कापाने केलं.

५ ऑगस्ट

एनसीबीआय ह्या जनुकांच्या खुल्या साठ्यावरून एचएओ१ चा एमआरएनए उतरवला. जनुक २० व्या गुणसूत्रावर. प्रथिन ३७० अमिनो आम्लांचं, म्हणजे थांब्याचा कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) धरून कोडिंग भाग १११३ अक्षरांचा. २० अक्षरांची खिडकी एकेक घर सरकवत नेली तर १०९४ जागा. शेपटाकडचा न वाचला जाणारा भाग वेगळा; तोही चांगलं लक्ष्य असतो, पण पहिल्या फेरीत नको.

गॅपमरची रचना ५-१०-५. मधली दहा अक्षरं साध्या डीएनएची, दोन्ही बाजूंना पाच-पाच अक्षरांचे पंख, त्यांच्या साखरेवर एमओई नावाचा रासायनिक बदल केलेला. डीएनए आणि आरएनए जोडीने बसले की पेशीतलं आरएनेज एच१ त्यातला आरएनए कापतं. त्याला मध्ये डीएनए लागतोच, म्हणून तो गॅप. पंखांमुळे पकड घट्ट होते आणि टोकं लवकर कुरतडली जात नाहीत. कण्यात फॉस्फेटच्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक, म्हणजे रक्तात टिकाव लागतो. औषध तेच राहतं, एकामागून एक एमआरएनए कापले जात राहतात. हे मला नेहमीच सुंदर वाटतं.

१९ ऑगस्ट

तीन दिवस वाया.

१०९४ रेणूंची यादी पायथॉनने काढली आणि ब्लास्टला, म्हणजे अक्षरं कुठे जुळतात ते शोधणाऱ्या प्रोग्रामला दिली. प्रत्येक रेणू निदान एचएओ१ वर तरी शंभर टक्के बसायला हवा, उलट्या धाग्यावर. एकही बसेना! स्वतःच्याच जनुकाला ओळखत नाही म्हणजे काय? इंटरनेटला शिव्या दिल्या, ब्लास्टची सेटिंग बदलली, लहान तुकड्यांसाठी शब्दाची लांबी ७ केली. तरी तेच.

आज सकाळी नेरवालीने वहीत सुरुवातीचा कोडॉन हाताने लिहिला. ए-यू-जी. खाली जोडीदार: टी-ए-सी. मी म्हटलं, आता हेच पाच-प्राइमपासून, म्हणजे धाग्याच्या सुरुवातीच्या टोकापासून वाच. ती थांबली. जोडीदार धागा उलट्या दिशेने धावतो, म्हणून तो सी-ए-टी असा लिहायचा. घाटंजीवाल्याने पूरक अक्षरं काढली होती, पण ओळ उलटवलीच नव्हती. अख्खी यादी तोंडाकडून शेपटाकडे. "म्हणजे एयूजीचा अँटिसेन्स कॅट, मॅडम? मांजर?" आता त्या फाइलचं नावच मांजर. विसरणार नाहीत.

माझीही चूक आहे. पहिले पाच रेणू मी हाताने तपासायला हवे होते.

२ सप्टेंबर

पोळा. सुट्टी. गावी गेले.

संध्याकाळी मोठे बाबांनी विचारलं, सध्या काय चालू आहे. त्यांना स्वतःला दोनदा मुतखडा झालेला, कुळथाचं पाणी आणि पानफुटीची पानं दोन्ही करून झालीत, त्यामुळे विषयात रस. मी कालव्यावरून सांगितलं. त्यांच्या वावरालगतच्या पाटाचं खालचं गेट गेली दोन वर्षं मोडकं आहे. पाणी वळतच नाही, सगळं तुरीत शिरतं. म्हटलं, हा रोग तसाच. खालचं गेट मोडलं, म्हणून आम्ही वरचं बंद करतो.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मंग वरच्याच्या वावरात पाणी नाही का साचत?"

दीड महिना आम्ही तिघं ह्यावर बसलोय आणि हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एचएओ१ गप्प केला तर ग्लायकोलेट तुंबणार. मग?

दुसरा प्रश्न त्यांच्या मुतखड्याचा. हे औषध आपल्याला चालेल का? नाही. त्यांचा खडा उन्हातानात पाणी कमी पिण्याचा. सरळ सांगितलं. वाईट वाटलं त्यांना, मला दिसलं.

५ सप्टेंबर

दोघांसमोर मोठे बाबांचा प्रश्न ठेवला, त्यांचा म्हणूनच. उत्तर शोधायला दोन दिवस दिले.

७ सप्टेंबर

नेरवालीने उत्तर आणलं, चांगलं आणलं. ग्लायकोलेट पाण्यात सहज विरघळतं, कॅल्शियमला धरून दगड होत नाही, लघवीतून निघून जातं. वरच्या वावरात पाणी साचतं, पण तिथे निचरा आहे.

ह्याला माणसातला पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांच्या जनुकीय अभ्यासात एक धडधाकट प्रौढ बाई सापडली, जिच्या एचएओ१ च्या दोन्ही प्रती जन्मापासून निकामी. रक्तात ग्लायकोलेट वाढलेलं, तक्रार काही नाही. हे २०२० मध्ये छापून आलं. औषध कंपनीला ह्याहून मोठा दिलासा कोणता? निसर्गाने प्रयोग आधीच करून ठेवलेला. जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या समाजात असे लोक जास्त सापडतात, कारण एकच निकामी प्रत आई आणि बाप दोघांकडून येऊ शकते. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडेही आहे, घाटंजीवाल्याने वहीत लिहून घेतलं. का, ते मला नंतर कळलं.

औषधाची चाचणीही त्यांनी वाचली. ३९ रुग्ण, सहा महिने. लघवीतलं ऑक्झलेट लुमासिरानच्या गटात ६५.४ टक्के उतरलं, औषधाविना नुसत्या सुईच्या गटात ११.८. शून्य का होत नाही? कारण ग्लायऑक्झिलेटला दुसरीही वाट आहे, हायड्रॉक्सीप्रोलीन ह्या अमिनो आम्लाकडून. एक गेट बंद केलं तरी नाल्याचं पाणी येतंच.

२४ सप्टेंबर

चाळणी सुरू. जीसी, म्हणजे जी आणि सी ह्या अक्षरांचं प्रमाण, ४० ते ६० टक्क्यांच्या बाहेर असेल तर बाद. सलग चार जी असतील तर बाद, असे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठा करतात. सी नंतर जी आला तर शक्यतो बाद. अशी जोडी जिवाणूच्या डीएनएसारखी दिसते आणि प्रतिकारशक्ती खवळते. सी च्या जागी मिथाइल सी वापरून ते बरंच शमवता येतं, पण आम्ही कडक राहिलो. ह्या तीन चाळण्यांतच मोठा ढीग गळाला.

७ ऑक्टोबर

अर्धा वर्ग सोयाबीन सोंगायला गेलाय. दुपारी तीनला मोबाइलवर नोबेलची घोषणा पाहिली, आम्ही तिघं आणि प्रयोगशाळा परिचर. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन, मायक्रोआरएनएसाठी! एक मिलिमीटरचा कृमी, त्यातला लिन-४ जनुक प्रथिन बनवतच नाही. बनवतो २२ अक्षरांचा आरएनए, जो लिन-१४ च्या एमआरएनएच्या शेपटावर अर्धवट जुळून बसतो आणि त्याला गप्प करतो. १९९३ चं काम.

मी फळ्यावर त्याआधीचं वर्ष लिहिलं: १९७८. झामेक्निक आणि स्टीफन्सन ह्यांनी हार्वर्डला १३ अक्षरांचा डीएनए तुकडा घेऊन कोंबडीच्या पेशीतला राऊस सार्कोमा विषाणू रोखला. म्हणजे माणसाने युक्ती वापरली, आणि पंधरा वर्षांनी कळलं की कृमी ती आधीपासून वापरतोय. परिचर म्हणाले, "मंग नोबेल किड्याले द्याले पाह्यजे." त्यावर चहा झाला.

२१ ऑक्टोबर

योगायोगाचं गणित. १६ अक्षरांची शक्य रूपं ४ चा १६ वा घात, सुमारे ४२९ कोटी. माणसाचा जीनोम ३१० कोटी अक्षरांचा. म्हणजे १६ अक्षरांचा कुठलाही शब्द दुसरीकडे कुठेतरी सापडायची बरीच शक्यता. २० अक्षरांची रूपं १ लाख १० हजार कोटी. तिथे निश्चिंत वाटतं. पण पेशी आपल्याइतकी काटेकोर नाही. दोन अक्षरं चुकलेली चालवून घेतली तर एका रेणूची १७७१ रूपं होतात (१, ६० आणि १७१०), आणि मग जीनोमच्या एका धाग्यावर निव्वळ योगायोगाने पाचेक जागा निघतात. घाटंजीवाल्याने दोनदा करून पाहिलं.

शिवाय आरएनेज एच१ केंद्रकातही काम करतं, तिथे इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी काढून टाकले जाणारे तुकडे) अजून कापलेले नसतात. म्हणून नुसते तयार एमआरएनए तपासून भागत नाही, पूर्ण जनुकं तपासायची. यादी पुन्हा चालवायला लागली.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. नेहमीचे कर्मचारी ड्युटीवर, लॅब बंद. मी तासिका तत्त्वावर, त्यामुळे ड्युटी नाही. मानधनही सप्टेंबरपासून नाही. मत देऊन आले.

२७ नोव्हेंबर

आरएनएफोल्ड, म्हणजे आरएनएची घडी ताडणारा प्रोग्राम, चालवलं. एमआरएनए सरळ दोरीसारखा नसतो, स्वतःवरच दुमडून गाठी मारतो. गाठीत अडकलेल्या जागेवर रेणू बसायला कष्ट पडतात, मोकळ्या फासात सोपं जातं. मध्येच लाईन गेली, इन्व्हर्टरने चार मिनिटं साथ दिली. रात्री घरून पुन्हा. कॉम्प्युटर दाखवतो ती घडी पेशीत तशीच असेल ह्याची खात्री नाही, तिथे प्रथिनं चिकटलेली असतात. म्हणून मी ह्या चाळणीला बाद करायचा अधिकार दिला नाही, फक्त क्रम लावायला वापरली.

९ डिसेंबर

एचएओ२ ने छळलं. भावंडच ते, १ ल्या गुणसूत्रावर. जिथे दोघांची अक्षरं जवळपास सारखी तिथले सगळे रेणू काढून टाकले, त्यात नेरवालीचा लाडका होता. हळहळली. मी म्हटलं, ह्या धंद्यात जीव लावू नये. मिपोमर्सेन हे अँटिसेन्स औषध २०१३ मध्ये मंजूर झालं, यकृताच्या त्रासाचा ठळक इशारा डब्यावर घेऊनच, आणि पुढे बाजारातून गेलं. इनोटर्सेन ह्या दुसऱ्या अँटिसेन्स औषधाने रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) घसरायच्या.

माकडाच्या एचएओ१ शीही जुळवून पाहिलं. माणसात जुळतो पण माकडात नाही, अशा रेणूची प्राण्यातली चाचणी अडते.

उरले सात.

१६ डिसेंबर

बाजारात भेदरं, म्हणजे टोमॅटो, घेताना आठवलं. एन्झाइमचा जनुक अँटिसेन्सने दाबून विकायला आलेली पहिली ठळक वस्तू औषध नव्हती, टोमॅटोच होता. अमेरिकेत १९९४ साली, फळ मऊ करणारं पॉलीगॅलॅक्च्युरोनेज दाबलेला. टिकायचा बरा, धंदा टिकला नाही. भाजीवाल्या काकूंना सांगितलं. "आमचे त संध्याकाळपर्यंत टिकले तरी झालं, बाई."

६ जानेवारी २०२५

आज घाटंजीवाल्याने सांगितलं. त्याचा भाचा, सहा वर्षांचा, दोनदा खडा झालाय. बहीण मामाच्याच घरी दिलेली. सप्टेंबरपासून त्याच्या डोक्यात हेच होतं. म्हणूनच त्या दिवशी लिहून घेतलं होतं.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगितलं. पण इतक्या लहान पोराला पुन्हा खडा म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरला दाखवायचं आणि लघवीतलं ऑक्झलेट मोजायचं विचारायचं, एवढं मला माहीत आहे. नागपूरला जा म्हटलं.

२० जानेवारी

चोवीस तासांची लघवी गोळा करायची म्हणजे घरात केवढा गोंधळ. कॅन देव्हाऱ्याच्या भिंतीपलीकडे ठेवला म्हणून आजी रागावली. आणि एवढं करून पहिला नमुना वाया: ऑक्झलेटसाठी कॅनमध्ये आम्ल घालून द्यावं लागतं, ते दिलंच नव्हतं. दोनशे किलोमीटरची फेरी पुन्हा.

३ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. ऑक्झलेट मर्यादेत. सायट्रेट कमी. म्हणजे आमचा रोग नाही. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते कमी पडलं की खडा धरतो. डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेटचं पातळ औषध आणि भरपूर पाणी सांगितलंय.

घाटंजीवाला हसत होता, मग एकदम बाहेर गेला. आमच्या सात रेणूंचा त्याच्या भाच्याला उपयोग शून्य, आणि त्याचा मला इतका आनंद झाला.

१८ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सातची यादी पाहिली आणि विचारलं, "ह्यातला चालेल कोणता?"

नेरवाली: "सांगता येत नाही, सर. यकृतपेशीत घालून एमआरएनए मोजावा लागेल."

"मग सात महिने केलं काय?"

तिने दुसरी फाइल उघडली. बाद झालेले १०८७, प्रत्येकापुढे बाद का त्याचं कारण. सर खाली खाली सरकवत गेले, तीनशेव्याजवळ थांबले आणि विचारलं की हा तर चांगला दिसतो, का काढला. "एचएओ२ शी एकच अक्षर वेगळं, सर." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पाऊण तास चाललं. मांजर फाइलही दाखवली पोरांनी, मी नको म्हणत असताना.

२० फेब्रुवारी

अहवालाच्या तीन प्रती जमा. घाटंजीवाल्याच्या भाच्याला ते औषध खारट लागतं, रोज सकाळी पळापळ. रसात मिसळून देता येईल का, असं त्याच्या बहिणीने विचारायला सांगितलं होतं. डॉक्टरांनाच विचार म्हटलं, आणि नंबर लावून दिला.